एआय एजंटच्या हातात मिक्सर द्यायचाय, टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नक्की काय काय लिहावं?

तालीमवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा साउंडवाल्यांसाठी आणि अर्धा कोडवाल्यांसाठी आहे, इथे दोन्ही जमातीचे लोक पडीक असतात म्हणून इथेच टाकतोय.

आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे, दिवसा हिंजवडी आणि संध्याकाळी सदाशिव पेठेत तालीम असा सगळा कारभार. ग्रुपकडे एक सेकंडहँड बेहरिंगर एक्स३२ डिजिटल मिक्सर आहे. ३२ चॅनेल, १६ मिक्स बस (मॉनिटर वगैरेंसाठी आवाज वेगळा जमवायचे मार्ग), आणि नेटवर्कवरून ओएससी या साउंडच्या उपकरणांच्या संदेश-पद्धतीत बोलतो, म्हणजे लॅपटॉपवरून यूडीपीच्या १००२३ पोर्टवर मेसेज टाकला की मिक्सरच्या टेबलावरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) आपोआप सरकतो. त्यावर मी एक छोटा एमसीपी सर्व्हर लिहिलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमसीपी ही एजंटला (स्वतः पावलं उचलणाऱ्या एआय मॉडेलला) बाहेरची साधनं जोडायची एक ठरलेली पद्धत, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. प्रत्येक टूलला एक नाव, एक वर्णन, आणि कुठलं इनपुट चालेल त्याचा स्कीमा असतो. एजंटला तेवढंच दिसतं, आतला कोड दिसत नाही, मिक्सर तर नाहीच नाही.

काम कशासाठी, तर लाइन चेकच्या (एकेक माइक तपासण्याच्या) आधी चॅनेलना नावं देणं, सुरुवातीच्या लेव्हल लावणं, ज्या प्रवेशात जे माइक नकोत ते म्यूट करणं. चालू प्रयोगात नाही, हे आधीच सांगतो म्हणजे काका ओरडणार नाहीत.

टूलं अशी आहेत (इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच रोमन): चॅनेल_यादी, चॅनेल_स्थिती, लेव्हल_ठेव, म्यूट_कर, नाव_दे, आणि एक कच्चा_मेसेज, ज्यातून काहीही ओएससी पाठवता येतं. लेव्हल_ठेवचं आत्ताचं वर्णन: "चॅनेलचा आवाज सेट करतो. चॅनेल: पूर्णांक. व्हॅल्यू: ० ते १." माझ्या मते पुरेसं आहे, ग्रुपमधल्या दोघांच्या मते अजिबात नाही. तुमचं काय म्हणणं?

मोनो_काका

ओरडतोच. चालू प्रयोग काय आणि तालीम काय, स्पीकर तोच आणि समोर बसलेल्यांचे कानही तेच. मी विरोधात आहे हे नोंदवून ठेवतो आणि मग मदत करतो.

एक सांगा, तुमच्या एजंटला कान आहेत का? नाहीत. मग वर्णनाची पहिली ओळ तीच पाहिजे. "तुला ऐकू येत नाही. तुला फक्त आकडे दिसतात." आमच्याकडे नवीन पोरगा यायचा त्याला टेबलावर बसवताना पहिले काही कार्यक्रम नुसतं केबल गुंडाळायला लावायचो, का, तर त्याला कळावं की कुठला आवाज कुठून येतोय. तुमचा हा नवीन पोरगा तर हॉलमध्येच नाहीये.

टेस्टिंग_ताई

काकांना +१, पण मला त्याही आधी "व्हॅल्यू ० ते १" खटकतंय. ० ते १ कशाचं?

एक्स३२ वर फेडरची रेष सरळ नाहीये. ०.७५ म्हणजे ० डीबी (डेसिबल). १ म्हणजे +१०. ०.५ म्हणजे −१०, ०.२५ म्हणजे −३०, आणि ०.०६२५ ला −६०. वरच्या अर्ध्या भागात डीबी बरोबर ४० गुणिले व्हॅल्यू वजा ३०, त्याच्या खाली उतार दुप्पट, त्याच्या खाली परत दुप्पट. आता कुणी एजंटला म्हणालं की "सूत्रधाराचा माइक फुल ठेव", तर ० ते १ वाचलेला कुठलाही एजंट १ टाकणार, आणि १ टाकला की तुम्ही ० च्या वर १० डीबी गेलात. "अर्धा कर" म्हटलं की ०.५, म्हणजे −१० डीबी, कदाचित चालून जाईल पण तो निव्वळ योगायोग. मॉडेलची चूक म्हणता येणार नाही हो, त्याला जे सांगितलं त्यातून त्याने साधा अर्थ काढला.

तेव्हा मिक्सरचा आतला आकडा एजंटला दाखवूच नका. इनपुट डीबीत घ्या, रूपांतर कोडमध्ये करा. नाव पण व्हॅल्यू नको, लेव्हल_डीबी ठेवा. इनपुटच्या नावातच एकक आलं तर वर्णन न वाचताही अर्धं काम होतं.

पेठेतला_पाहुणा

वा! म्हणजे आमच्या चौकातल्या मंडळाला हे टूल द्या आणि सांगा की ५५ डीबीवर ठेव. प्रश्न मिटला. नियम आहेच ना ५५ चा.

मोनो_काका

पाहुणे, तुम्ही गंमत केलीत पण नेमका मुद्दा काढलात. ध्वनिप्रदूषण नियम २००० मधला ५५ म्हणजे निवासी भागात दिवसा, सकाळी ६ ते रात्री १०, त्या जागी मीटर धरून मोजलेली हवेतल्या आवाजाची सरासरी. रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. फेडरवरचा ० डीबी म्हणजे जसं आत आलं तसं बाहेर सोडलं, ना वाढवलं ना कमी केलं, त्यालाच युनिटी म्हणतात. त्यापुढे अँप किती उघडलाय, स्पीकर किती मोठा, लोक किती लांब उभे, यावर हवेतला आवाज ठरतो. फेडर −२० ला असून खिडकीच्या काचा थरथरू शकतात आणि फेडर +५ ला असून शेवटच्या रांगेतले आजोबा "ऐकू येत नाही" म्हणू शकतात. दोन्हीला डीबीच म्हणतात, हीच तर पंचाईत.

टेस्टिंग_ताई

आणि मॉडेलने जगभरचं वाचलेलं असतं, त्यात हवेतल्या डीबीबद्दल ढीगभर मजकूर आहे. "८५ डीबीच्या वर कानाला धोका" वगैरे. त्याने तो संदर्भ इथे लावू नये म्हणून एक वाक्य हवंच: "हा फेडरचा डीबी आहे, ० म्हणजे युनिटी, खोलीतला आवाज किती हे या टूलला कळत नाही." पाहुण्यांचे आभार, नकळत का होईना.

तालीमवाला

हे सगळं पटलं, बदलतोय. लेव्हल_डीबी, मर्यादा −९० ते ०. +१० पर्यंत मिक्सर जातो पण एजंटला ० च्या वर द्यायचंच नाही असं ठरवलं. एक शंका, "० च्या वर जाऊ नकोस" हे वर्णनात लिहू की कोडमध्ये अडवू?

वारज्याचा_राउटर

कोडमध्ये. यात चर्चा कसली.

टेस्टिंग_ताई

दोन्हीकडे, पण वेगळ्या कारणासाठी. अडवायचं कोडमध्येच, कारण वर्णन ही विनंती असते, मॉडेल नव्वद वेळा पाळेल आणि एक दिवस लांबलचक संभाषणात विसरेल. पण वर्णनात नसेल तर तो बिचारा +३ मागत बसणार, एरर खाणार, परत मागणार. स्कीमात किमान आणि कमाल आकडा घाला, ते मॉडेलला दिसतं.

आणि एररचा मजकूर हे पण डॉक्युमेंटेशनच आहे, हे लोक विसरतात. "अवैध इनपुट" असं परत आलं तर एजंट अंदाज मारत बसतो. "चॅनेल ४० अस्तित्वात नाही, १ ते ३२ पैकी द्या, नावं हवी असतील तर चॅनेल_यादी वापरा" असं आलं तर पुढच्याच फेरीत बरोबर करतो. एमसीपीत टूलच्या निकालातच "एरर झाला" असा झेंडा लावून मजकूर पाठवायची सोय आहे, तीच वापरा. प्रोटोकॉलच्या पातळीवर एरर फेकलात तर तो मॉडेलपर्यंत पोचेलच याची खात्री नाही.

वारज्याचा_राउटर

आता माझा विषय. यूडीपी आहे. पाठवलेलं पॅकेट पोचलं का याची पोच नाही. आणि एक्स३२ ला साधा सेट मेसेज पाठवला तर तो उत्तर देत नाही, गप्प फेडर हलवतो. हॉलमधलं वाय-फाय, त्यात समोर शंभर लोकांचे मोबाइल, एखादं पॅकेट गळणारच. तुमचं टूल आत्ता काय परत देतं? पैज लावतो, "यशस्वी" देत असणार, म्हणजे फक्त "मी पाठवलं" एवढंच.

एजंट ते वाचून माणसाला छातीठोकपणे सांगणार की चॅनेल ५ म्यूट केला. आणि चॅनेल ५ वर नटाचा लेपल माइक चालू, आणि तो विंगेत कुणाबद्दल तरी काहीतरी बोलतोय.

तोच पत्ता (मेसेजमधलं पॅरामीटरचं नाव) आकडा न देता पाठवला की मिक्सर सध्याचा आकडा परत पाठवतो. म्हणजे आधी सेट, मग विचारणा, मग जे आलं ते एजंटला द्या. आणि वर्णनात लिहा की परत येणारा आकडा मिक्सरवरून वाचलेला आहे, तू मागितलेला नव्हे.

टेस्टिंग_ताई

यात एक मेख आहे. फेडरच्या पायऱ्या १०२४ च आहेत, त्यामुळे −१२ मागितलं तर −१२ च्या आसपासचं काहीतरी परत येतं, नेमकं −१२ नाही. काही एजंट इतके काटेकोर असतात की "मागितलेलं आणि मिळालेलं जुळत नाही" म्हणून परत परत सेट करत बसतात. तेव्हा "अर्ध्या डीबीपर्यंतचा फरक सामान्य आहे, पुन्हा सेट करू नकोस" हे पण लिहा. फालतू वाटतं पण टोकन (मॉडेलचा मजकूर मोजायचं एकक) आणि वेळ दोन्ही वाचतात.

खर्ज

उशिरा आलो धाग्यावर. मी नाटकवाला नाही, गाण्याच्या बैठकांना साउंड बघतो, मोठे महोत्सव नव्हे, घरगुती आणि छोट्या हॉलमधल्या. आमच्याकडे चॅनेल मोजकेच, गायक, तबल्याचे दोन, पेटी, तानपुरे. पण या सगळ्या चर्चेत एक मोठी गोष्ट राहिलीये असं वाटतं, मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःसाठी ऐकू येणारा स्पीकर.

गायकाने हात वर करून तानपुऱ्याकडे बोट दाखवलं तर याचा अर्थ तानपुरा मला माझ्या मॉनिटरमध्ये जास्त हवा. श्रोत्यांना नको. आता तुमच्या टूलमध्ये "तानपुरा वाढव" म्हटलं की एजंटकडे एकच हत्यार, लेव्हल_ठेव, म्हणजे मेन फेडर. तो तानपुरा हॉलभर वाढवणार. गायकाला तरी फरक पडेल का? ते त्या चॅनेलचा मॉनिटर सेंड (मॉनिटरकडे जाणारा वाटा) प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी घेतलेला, आहे की पोस्ट-फेडर, म्हणजे नंतर घेतलेला, यावर अवलंबून. प्री असेल तर मेन फेडर कितीही हलवा, मॉनिटरमध्ये ढिम्म फरक नाही, गायक परत बोट दाखवणार, एजंट परत वाढवणार, हॉलमध्ये नुसता तानपुरा. पोस्ट असेल तर मॉनिटरमध्येही वाढणार, आणि तेव्हा उलटी गंमत, उद्या श्रोत्यांसाठी तानपुरा कमी केलात की गायकाचा पण कमी, आणि मग बुवा सुरू असलेला ख्याल थांबवून तुमच्याकडे बघतात. ती नजर ज्याने झेलली त्यालाच माहीत.

तेव्हा सेंडसाठी वेगळं टूल करा. चॅनेल, बस, डीबी अशी तीन इनपुटं. आणि लेव्हल_ठेवच्या वर्णनात स्पष्ट लिहा की हा समोरच्या श्रोत्यांना जाणारा आवाज आहे, कलाकाराने स्वतःसाठी मागितलं तर हे वापरू नकोस, सेंड_ठेव वापर. दोन टूलं शेजारी शेजारी असली की प्रत्येकाच्या वर्णनात दुसऱ्याचं नाव यायला हवं, कधी हे आणि कधी ते. मॉडेलच काय, नवीन माणूस पण इथेच गोंधळतो.

मोनो_काका

खर्ज साहेब, लाख बोललात. आणि बसची यादी पण द्या, कुठली बस कुणाच्या मॉनिटरला जाते ते. बस ३ म्हणजे तबलजी की पेटी हे मिक्सरला माहीत नसतं, आपण नाव दिलं तरच.

अजून एक. "आवाज फुटतोय" असं कुणी सांगितलं की तुमचा एजंट फेडर खाली घेणार. तरीही फुटलेलाच राहणार, फक्त हळू फुटेल. प्रीअँपलाच (माइकचा सिग्नल आत येताच मोठा करणारा भाग) सिग्नल कापला जातोय, फेडर त्याच्या नंतर येतो. तिथला गेन, म्हणजे किती मोठा करायचं ते, कमी केला तरच फायदा. तुमच्या टूलमध्ये गेन नाही ना? मग वर्णनात लिहा की अशा वेळी माणसाला सांग, स्वतः काही करू नकोस.

तालीमवाला

गेन मुद्दामच ठेवला नाहीये. त्यात एक वेगळीच भानगड आहे. चॅनेल १ ते ३२ असे मोजले जातात, पण प्रीअँपचे पत्ते ००० पासून सुरू होतात, आणि ००० ते ०३१ हे मिक्सरच्या मागचे सॉकेट. म्हणजे चॅनेल ५ चा गेन बहुधा ००४, तेही राउटिंग सरळ असेल तरच. स्टेजबॉक्स (स्टेजवर ठेवायचा जादा सॉकेटचा डबा) लावला की ०३२ च्या पुढचे. एजंटने चॅनेल ५ म्हणून ००५ चा गेन फिरवला तर भलत्याच माइकला धक्का.

फँटम पॉवरही (माइकला केबलमधूनच दिलेली वीज) तिथेच. ४८ व्होल्ट, मेन उघडा असताना चालू-बंद केलं की फट्‌कन आवाज येतो, आणि वायरिंगमध्ये गडबड असेल तर रिबन माइक जाऊ शकतो. ते पण नाही ठेवलं.

टेस्टिंग_ताई

नाही ठेवलं म्हणता, आणि कच्चा_मेसेज ठेवलाय! त्यातून गेन पण जातो, फँटम पण जातो, सगळंच जातं. एजंटला काम अडलं की तो तीच पळवाट शोधणार, "थेट टूल नाही पण कच्च्या मेसेजने करता येईल" असं स्वतःच म्हणेल आणि करेल, तुम्हाला मदत करतोय या भावनेने. काढून टाका. तुम्हाला डीबगला लागतं तर वेगळी स्क्रिप्ट ठेवा.

पेठेतला_पाहुणा

पुढचा दरवाजा बंद, बोळाचा सताड उघडा. आमच्या वाड्यातली पद्धत.

वारज्याचा_राउटर

"३ डीबीने वाढव" असं सापेक्ष टूल कुणी मागेल, देऊ नका. एका ओळखीच्या ग्रुपकडे होतं. एजंटने +३ पाठवलं, उत्तर यायला उशीर झाला, टाइमआउट समजून त्याने परत पाठवलं, मग परत. पहिलंही पोचलं होतं, दुसरंही. तीन वेळा +३ म्हणजे ९ डीबी, माइक स्पीकरसमोर, आणि मग जी शिट्टी सुटली ती बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू गेली. फीडबॅकचा हिशोब निर्दय असतो, माइक ते स्पीकर ते माइक या फेरीत आवाज एकदा कमी न होता परत यायला लागला की प्रत्येक फेरीत वाढतच जातो, थांबायला फक्त अँपची मर्यादा.

"−१२ वर ठेव" हे कितीही वेळा पाठवा, परिणाम तोच. एमसीपीत टूलला "पुन्हा चालवलं तरी फरक नाही" अशी खूण लावता येते, तशीच "फक्त वाचतं" आणि "काहीतरी मोडू शकतं" अशाही. लावा त्या. पण त्या नुसत्या खुणा आहेत, कुलूप नव्हे.

खर्ज

पण हो, माणूस तर "जरा वाढव"च म्हणतो ना. कुणी "−९.५ वर ठेव" म्हणत नाही.

वारज्याचा_राउटर

मग एजंटने आधी चॅनेल_स्थितीने वाचावं, किती आहे ते बघावं, त्यात २ मिळवून पक्का आकडा पाठवावा. बेरीज त्याला येते. ही पद्धत वर्णनात उदाहरणासकट लिहा. आणि कोडमध्ये एका वेळी ३ डीबीपेक्षा जास्त वर जाऊ देऊ नका. खाली कितीही जाऊ दे.

मोनो_काका

खाली कितीही हे बरोबर. शांत झालेलं कुणाला लागत नाही.

आता चॅनेल_स्थितीबद्दल विचारतो, ती काय दाखवते? फेडर −५ ला, म्यूट नाही, म्हणून एजंट सांगेल की चॅनेल चालू आहे. पण वर डीसीए (अनेक चॅनेलची लेव्हल एकत्र हलवणारा फेडर) बसलाय ना? या टेबलावर ८ डीसीए आणि ६ म्यूट ग्रुप आहेत. डीसीए खाली ओढलेला असला तर चॅनेलचा फेडर जागेवरच दिसतो आणि मेनमध्ये आवाज शून्य. नवशिके तासन्‌तास केबल बदलत बसतात. तपकीर गल्लीतून नवीन जॅक पण आणतात.

तालीमवाला

हे चांगलं सापडलं. चॅनेल_स्थिती आता "मेनला जातोय का" याचं एक उत्तर देईल, आणि जात नसेल तर कारण, स्वतः म्यूट, म्यूट ग्रुप ४, किंवा डीसीए २ खाली, असं. एजंटने पाच ठिकाणचं वाचून जुळवण्यापेक्षा टूलनेच जुळवून द्यावं.

म्यूटबद्दल एक. मिक्सरच्या आत ती गोष्ट उलटी आहे, तिथे "ऑन" असा पॅरामीटर आहे, १ म्हणजे आवाज चालू, ० म्हणजे बंद. माझं टूल म्यूट_कर, त्यात खरं म्हणजे आवाज बंद. वर्णनात दोन्ही बाजूंनी लिहितो: "म्यूट खरं: आवाज बंद. म्यूट खोटं: आवाज चालू, त्यामुळे आधी माणसाला विचार."

बाकी हे सगळं धरलं तर एकेका टूलचं वर्णन पानभर होतंय. चालेल?

टेस्टिंग_ताई

नाही. ही वर्णनं प्रत्येक संभाषणात एजंटच्या डोक्यात भरली जातात, वापरो न वापरो. निवड करताना आणि इनपुट भरताना जे लागतं तेवढंच वर्णनात ठेवा: कधी वापरायचं, कधी नाही, एकक, मर्यादा, परत काय येतं. डीसीएचं तत्त्वज्ञान, प्री-पोस्टचं स्पष्टीकरण, तुमच्या हॉलची बस यादी, हे एमसीपीच्या रिसोर्समध्ये ठेवा, लागलं तर वाचेल. ओएससी १९९७ साली बर्कलेत निघालं वगैरे इतिहास तर कुठेच नको, तो आपल्यासाठी, इथे गप्पांना.

तालीमवाला

बरं, लेव्हल_ठेवचा नवा मसुदा. टीका करा.

"एका इनपुट चॅनेलचा मेन फेडर दिलेल्या डीबीवर नेतो. हा प्रेक्षकांना जाणारा आवाज आहे. कलाकाराच्या मॉनिटरसाठी सेंड_ठेव वापर. चॅनेल: मिक्सरवरच्या पट्टीचा क्रमांक, १ पासून, मागच्या सॉकेटचा नव्हे, माणसाने नाव सांगितलं असेल तर आधी चॅनेल_यादीत शोध, दोन नावं जुळली तर विचार. लेव्हल_डीबी: −९० ते ०, फेडरचा डीबी, ० म्हणजे युनिटी, खोलीत आवाज किती आहे हे यातून कळत नाही आणि तुला ऐकू येत नाही. एका वेळी जास्तीत जास्त ३ डीबी वर. 'थोडं वाढव' सांगितलं तर आधी चॅनेल_स्थिती वाच, २ मिळव, तो आकडा पाठव. निकालात मिक्सरवरून वाचलेली लेव्हल येते. अर्ध्या डीबीचा फरक सामान्य. आवाज फुटतोय किंवा शिट्टी येतेय अशी तक्रार असेल तर या टूलने लेव्हल वर नेऊ नकोस, टेबलावरच्या माणसाला सांग."

खर्ज

शिट्टीच्या वेळी खाली न्यायला हरकत नाही ना?

तालीमवाला

नाही, म्हणून "वर नेऊ नकोस" लिहिलंय. खाली मोकळं आहे.

वारज्याचा_राउटर

"मिक्सरवरून वाचलेली लेव्हल येते" ठीक. पण वाचायलाच उत्तर आलं नाही तर? लॅपटॉप वाय-फायवरून सुटला तर?

टेस्टिंग_ताई

हो, तिसरा निकाल हवा. झालं, नाही झालं, आणि माहीत नाही. तिसऱ्यात मजकूर असा: "मेसेज पाठवला, मिक्सरकडून उत्तर नाही. बदल झाला असेल किंवा नसेल. माणसाला टेबलावर बघायला सांग." एजंटला "माहीत नाही" म्हणायची सोय टूलनेच दिली नाही तर तो झालं असंच म्हणतो.

कुणी एक्सआर१८ या छोट्या मिक्सरवर हे चालवणार असेल तर तिथे पोर्ट १००२४ आहे आणि चॅनेल कमी, तेव्हा वर्णनात ३२ आकडा ठोकून लिहू नका, सर्व्हर सुरू होताना मिक्सरला विचारून भरा. आत्ताच्या मसुद्यात नाहीये, चांगलंच आहे, पण एररच्या मजकुरात असेल, तो माझ्याच वरच्या प्रतिसादातून उचलला असणार.

तालीमवाला

उचललाय :) बदलतो. कच्चा_मेसेज आजच काढला. बाकीची वर्णनं याच धर्तीवर लिहून रविवारी कोडसकट टाकतो, त्या दिवशी तालीम उशिरा आहे आणि हॉल सकाळी रिकामा मिळतोय, कुणाला यायचं असेल तर या.

मोनो_काका

येतो. विरोध कायम आहे. चॅनेल ७ आणि ८ दोन्हीला "सूत्रधार" नाव देऊन ठेवा, बघू तुमचा एजंट विचारतो का सरळ ७ चाच उघडतो. आणि एक डीसीए मी गुपचूप खाली ओढणार, कुठला ते सांगणार नाही.

पेठेतला_पाहुणा

मी फक्त बघायला येऊ का? १ च्या आत संपवा म्हणजे झालं, नंतर आमची झोपेची वेळ.

तालीमवाला

या की. काका, साडेनऊला या आणि तुमचा केबल टेस्टर घेऊन या, आमचा बंद पडलाय. खर्ज, तुम्ही मॉनिटरच्या बाजूला उभे राहून नुसती बोटं दाखवा, त्यावरून मी टाइप करतो.